काळ्या केबलवरची पुसलेली अक्षरं

मुठेचं पाणी चहाच्या रंगाचं झालं की खडकवासल्यातून सोडलंय, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीकाठच्या आमच्या सोसायटीत, श्रावणात सकाळी सगळे आधी गॅलरीत येतात आणि मग दूध आत घेतात. आजही तसंच झालं. ऊन पडलं होतं, त्यातच बारीक पाऊस होता, आणि पलीकडच्या काठावरच्या गवतावर दोन्ही एकदमच उतरत होतं. खाली पाण्याचा रंग बदलला होता. शेजारचे काका कठड्यावर कोपर टेकून म्हणाले, "सोडलं वाटतं." मी हो म्हटलं आणि आत आले. चहा ठेवला. तो उकळेपर्यंत नंदाची आठवण येऊ नये म्हणून रात्रीची भांडी जागेवर लावत बसले. पण आठवण आली ती आलीच.

गेलेल्या माणसाची आठवण येते ती सोसते. नंदा कुठेही गेलेली नाही. इथून रिक्षाने अर्ध्या तासावर, तपकीर गल्लीत, वडिलांनी काढलेल्या दुकानात ती रोज सकाळी उदबत्ती लावते, आणि गिऱ्हाईक आलं की चष्मा कपाळावरून नाकावर घेते. मला हे सगळं इथे बसून दिसतं. आम्ही एका बाकावर शाळा संपवली, एका सायकलवर कॉलेज केलं. मी फिजिक्स शिकवायला लागले, ती दुकानात बसली. माझ्या बाळंतपणात आईच्या आधी ती दवाखान्यात पोचली होती. अशा माणसाबद्दल "आमचं बोलणं नाही" एवढं एकच वाक्य उरावं, याची मला अजून सवय झालेली नाही.

आमचं बोलणं तुटलं त्या वर्षीचा आषाढ आणि श्रावण मला वासाने आठवतो. दुकानातल्या गरम सोल्डरचा वास, नव्या केबलच्या काळ्या सालीचा रबरासारखा वास, आणि दाराबाहेर गल्लीत साचलेल्या पाण्याचा. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या बैठ्या खोल्यांत पाणी शिरलं होतं. धरणातून पाणी सुटलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि काठावरच्या माणसांना पाणी उंबऱ्याला लागल्यावरच कळलं. शिलाईकाम करणाऱ्या शालनताईंचं मशीन त्यात बुडालं. नंतर त्या मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, तासभर आधी कुणी हाक मारली असती तरी पुरलं असतं."

हाक मारायची सोय आमच्या हातात होती. नंदाने आणि मी कॉलेजात असताना हौशी वायरलेसची सरकारी परीक्षा दिली होती आणि परवाना घेतला होता. तेव्हा त्याचा उपयोग लांबच्या अनोळखी माणसांशी हवापाण्याच्या गप्पा मारण्यापलीकडे फारसा नव्हता. पण आमच्यासारखाच परवाना असलेले केरबादादा धरणाच्या थोडं खाली, नदीच्या वर एका टेकाडावर राहायचे. लष्कराच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गावात शेतीचा तुकडा, घरी मुलगा संतोष आणि सून. त्यांच्या ओट्यावरून नदी सरळ दिसायची. एक संच त्यांच्या घरी आणि एक माझ्या घरी बसवला, तर वीज असो वा नसो, बॅटरीवर ते वरून सांगणार आणि मी खाली धावत जाऊन सांगणार. एवढी साधी गोष्ट. सोसायटीने थोडं साहाय्य केलं, कॉलेजातल्या दोघांनी जुने संच दिले. राहिली ती केबल आणि तिच्या टोकांचे कनेक्टर. ते निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मी वर्गात संरोध शिकवते. फळ्यावर सूत्र लिहिते, मुलं उतरवून घेतात. दुकानात त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तिथे तो केबलच्या सालीवर छापलेला असतो. नंदाने त्या आषाढात मला ते हाताने शिकवलं. वायरलेसच्या संचाला आणि अँटेनाला पन्नास ओहमची केबल लागते. टीव्हीला आणि कॅमेऱ्यांना पंच्याहत्तरची. मीटर लावून हा आकडा कळत नाही. आतली तांब्याची तार किती जाड, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक किती जाड, आणि त्यावरची जाळी कुठून सुरू होते, या मापांच्या प्रमाणावर तो ठरतो. नंदा म्हणायची, ओढ्याचं पात्र मध्येच अरुंद झालं की पाणी उसळून मागे फिरतं, तसा सिग्नल मागे फिरतो. संचाने पाठवलेलं सगळं वर पोचत नाही.

मग जाडी. बारीक केबल हाताळायला सोपी, पण लांब गेली की वाटेतच सिग्नल खाते. माझ्या घरी गच्चीवरून खोलीपर्यंतचं अंतर बरंच होतं. केरबादादांची अँटेना तर घरामागच्या जुन्या पाण्याच्या टाकीवर बसणार होती, तिथून ओट्यापर्यंत केबल यायची. म्हणजे दोन्हीकडे जाडच हवी. मग त्या जाडीला बसेल असा कनेक्टर. नंदा काउंटरवर एकेक काढून ठेवायची. टीव्हीच्या केबलचा नुसता फिरवून बसवायचा. पाव वळसा दिला की खट्‌कन बसणारा छोटा, जो पन्नासचाही मिळतो आणि पंच्याहत्तरचाही, आणि दोन्ही भावंडांसारखे दिसतात. शेवटी जाड आट्यांचा, आत रबरी कडी असलेला, पावसाला दाद न देणारा. बाहेर उघड्यावर राहणार म्हणून मी तो निवडला. त्याच्या मधल्या पोकळ पिनेत केबलची तार घट्ट बसली पाहिजे, हे तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. "तार सैल बसली ना वैशू, तर आज बोलेल, उद्या बोलेल, आणि ज्या दिवशी वारा येईल त्या दिवशी गप्प बसेल."

तिचे हे शब्द मी विसरायचा बराच प्रयत्न केला.

दुकान बंद झालं की आम्ही चालत मंडईत जायचो. ओल्या शेंगा घ्यायचो, कधी कणीस. श्रावण लागला तशी बाहेर पत्री विकणाऱ्या बायका बसायला लागल्या. आघाडा, दूर्वा, केवड्याची टोकदार पानं ओल्या गोणपाटावर मांडलेली. नंदा मंगळागौरीला कुणाकडे जायचंय म्हणून फुलं घ्यायची आणि त्यातली दोन सोनचाफ्याची माझ्या हातात द्यायची. पन्नाशीला आलेल्या दोन बायका, एकीच्या पिशवीत केबलचे तुकडे, दुसरीच्या पिशवीत फुलं, पाऊस टाळत मंडईच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत उभ्या. मी तेव्हा फार सुखात होते. आता वाटतं, तिच्या मनात त्याच संध्याकाळी दुसरा काही हिशेब चालू असेल का? की तो नंतर सुचला? हे मला कधीच कळणार नाही. त्यामुळे ती सगळी संध्याकाळच माझ्या हातून निसटते. विश्वासघाताचं हेच वाईट. तो घडल्या दिवसापुरता राहत नाही, मागे जाऊन आधीचे चांगले दिवसही नासवतो.

नंदाकडे चांगल्या कंपनीच्या, पन्नास ओहमच्या जाड केबलचं एक मोठं भेंडोळं होतं. ते मी पाहिलं, सालीवरची अक्षरं वाचली, हाताने जाडी पाहिली. अर्ध्या भागातून माझ्या गच्चीवरची केबल बसली, ती बसवताना मी स्वतः टोक धरून उभी होते. उरलेलं अर्धं केरबादादांकडे जाणार होतं. ते बसवायचा दिवस ठरला त्या दिवशी मला बारावीच्या पुरवणी परीक्षेचं पर्यवेक्षण होतं. नंदा म्हणाली, "तू कशाला येतेस, मी जाते ना. टोकं दुकानातच तयार करून नेते." ती गेली. तिच्या माणसाने टाकीवर अँटेना बांधली, काळी केबल भिंतीवरून ओट्यावर उतरवली. दुपारी घरी आले आणि संच लावला, तर केरबादादांचा आवाज खोलीभर आला. त्यांनी लष्करातल्या पद्धतीने माझी परवान्यावरची ओळखखूण उच्चारली, आपली सांगितली, आणि मग साध्या सुरात म्हणाले, "पानी खाली हाय, मॅडम. काळजी न्हाई."

त्यानंतर रोज सकाळी आम्ही बोलायचो. पाण्याची पातळी, ढग, भातखाचरं, सुनेचं माहेरी जाणं. कॉलेजला निघायच्या आधीची ती पाच मिनिटं माझ्या दिवसातली सगळ्यात स्वच्छ असायची. कधी नंदाही माझ्या घरी असायची, तेव्हा तीही बोलायची. दादा तिला "दुकानवाल्या ताई" म्हणायचे.

मग तो पाऊस आला. ओळीने काही दिवस सूर्य दिसला नाही. घाटमाथ्यावर ओतत होतं आणि आमच्याकडे नुसतं अंधारून आलेलं. एका सकाळी वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचं नेटवर्क. मी संचापाशी बसले. ठरलेल्या वेळेला खरखर झाली, त्यात दादांच्या आवाजाचा एक तुकडा, शब्दही नाही, शब्दाची नुसती कड, आणि पुन्हा खरखर. मी त्यांना बोलावत राहिले. उत्तर आलं नाही. खाली जाऊन मागच्या खोल्यांतल्या लोकांना सांगितलं की दादा काही तरी बोलायचा प्रयत्न करतायत, सामान उचला. शालनताईंनी विचारलं, "नक्की का, मॅडम?" मी नक्की म्हणू शकले नाही. आदल्या आठवड्यातही एकदा उगाच सामान हलवलं होतं. काहींनी उचललं, बरेच जण पाण्याकडे बघत उभे राहिले.

दादांनी त्या सकाळी काय केलं ते मला नंतर समजलं. धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाणी झपाट्याने चढताना त्यांनी ओट्यावरून पाहिलं. संचावर मला सांगितलं. माझं उत्तर आलं नाही. परत सांगितलं. बॅटरी पाहिली, बटणं पाहिली, पुन्हा सांगितलं. मग संतोष शेतावर होता म्हणून त्यांनी स्वतःच स्कूटर काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगावर जुना लष्करी रेनकोट, तसेच आमच्याकडे निघाले. निम्म्या वाटेवर, रस्त्यावर वाहून आलेल्या मातीवरून स्कूटर घसरली. खुबा मोडला. ज्यांनी त्यांना उचललं त्यांना ते एकच सांगत होते, खाली मॅडमना निरोप द्या. त्यातल्या एकाने खरंच मोटारसायकलवरून येऊन निरोप दिला. तोवर पाणी आत शिरलं होतं. माणसं सगळी गच्चीवर गेली, जीव वाचले. शालनताईंचं नवं मशीन गेलं, लोकांनी शिवायला दिलेले सणाचे कपडे गेले, एका मुलीची सगळी पुस्तकं गेली. दादा पुढे वॉकर धरूनच चालायला लागले.

पाणी ओसरल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. जमिनीवर अजून चिखलाचा थर होता, खुर्च्या धुऊन मांडल्या होत्या. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, आणि जे बोलतील ते लागेल असं बोलणारे. ते मला म्हणाले, "मॅडम, आपली योजना परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुरवणी परीक्षेला आम्ही बसू शकत नाही." कुणीतरी म्हणालं, पुस्तकी माणसांच्या हातात हे द्यायला नको होतं. दुसऱ्याने विचारलं, केबल बरोबर निवडली होती का. तेव्हा सगळ्यांच्या नजरा नंदाकडे वळल्या, कारण ती त्या धंद्यातली होती. मला बरं वाटलं. वाटलं, आता ही सांगेल.

नंदा उठली नाही. बसल्या जागी, पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाली, "वैशालीनं जे निवडलं तेच मी दिलं. निवड तिची होती."

एवढंच. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मला एवढंच खटकलं, की ही मला वैशू म्हणाली नाही, वैशाली म्हणाली. घरी येऊन मी माझी सगळी गणितं पुन्हा केली. अंतर, जाडी, होणारी घट, कनेक्टरचा प्रकार. चूक सापडेना, आणि चूक सापडत नाही म्हणूनच मला स्वतःवर संशय येत राहिला. ते दोन-तीन महिने मी वर्गात तो धडा दुसऱ्या शिक्षकांना शिकवायला दिला.

दिवाळी झाल्यावर संतोषचा फोन आला. म्हणाला, तुमची वायर आणि मशीन काढून न्या. बाबा दिवसभर त्याच्यासमोर बसतात, ते बरं दिसत नाही. मी एका सुटीच्या दिवशी गेले. काय लख्ख ऊन होतं. भात कापून झालेला, खाचरांतून कापलेल्या बुडख्यांचा पिवळा वास, खाली नदी अगदी गरीब होऊन वाहणारी. दादा ओट्यावर खाटेवर बसले होते, वॉकर बाजूला. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मी त्यांना बसवलं. पण ते पूर्वीसारखे बोलेनात. संचाकडे पाठ करून बसले. मी शिडी लावून टाकीवर चढले, कनेक्टर सोडवला.

आटे फिरवून मागचा भाग ओढला, तर पीन नुसती हातात आली. केबलची तार तिच्यातून सुटून बाहेर राहिली. मी ती तार बोटांत धरली. बारीक होती. कनेक्टर जाड तारेचा, पिनेचं भोक मोठं, आणि आत ही बारीक तार. मोकळी जागा सोल्डर ओतून भरलेली, ते सोल्डर तडकलेलं. बाहेरची जाडी मात्र अगदी तीच होती. पंच्याहत्तर ओहमची एक केबल असते, ती बाहेरून पन्नासच्या जाड केबलएवढीच भरते. साल तेवढी, कनेक्टरचं मागचं तोंड तेवढंच. आतली तार बारीक, कारण आकडा त्या प्रमाणावरच ठरतो. हे मला नंदानेच दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवलं होतं.

मी छापलेली अक्षरं शोधली. प्रत्येक केबलवर ठरावीक अंतराने ती असतात. टाकीवरून ओट्यापर्यंतची सगळी केबल मी उन्हात हातातून सरकवत पाहिली. कुठेही अक्षर नव्हतं. पण जिथे असायला हवं तिथे सालीची चमक गेलेली होती, कुणीतरी चिंधी थिनरमध्ये बुडवून घासावं तशी. दर थोड्या अंतरावर एकेक निस्तेज पट्टा. एका ठिकाणी घासायचं राहून गेलं होतं. तिथे सात आणि पाच वाचता येत होते.

चुकून चुकीची केबल जाऊ शकते. गडबडीत कुणाचंही होतं. पण अक्षरं चुकून पुसली जात नाहीत. ते आकडे असलेला तुकडा मी कापून पिशवीत टाकला आणि शिडीवरून उतरले. दादांनी विचारलं, काय झालं, मॅडम? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. संच आणि बाकीची केबल न काढताच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तपकीर गल्लीत गेले. गिऱ्हाईक होतं, मी थांबले. ते गेल्यावर पिशवीतून कापलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला. नंदाने चष्मा नाकावर घेतला, तुकडा पाहिला, चष्मा पुन्हा कपाळावर ठेवला. शेजारच्या टपरीवाल्याला हाताने दोन चहा सांगितले.

मग ती सांगायला लागली, हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाचं. हिंजवडीतल्या एका कंपनीकडून मोठी मागणी आली होती. लोक सगळं ऑनलाइन मागवतात, दुकान कसं चाललंय ते तुला माहीत नाही असं नाही. त्यांना तीच केबल तातडीने हवी होती. दिली असती तर पुढे कायमचं काम मिळालं असतं. नवीन भेंडोळं यायला वेळ होता आणि तुझा दिवस ठरलेला. तुला नाही म्हणवलं नाही. आणि वैशू, ती चालते. पंच्याहत्तर लावून लोक बोलतात, थोडी घट होते इतकंच. ती चाललीच ना इतके दिवस?

यातलं शेवटचं खरं होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "चालते तर मग अक्षरं का पुसलीस?"

तिने चहाच्या ग्लासाखालची ओली खूण बोटाने पुसली. पुन्हा पुसली.

"आणि बैठकीत?" मी विचारलं.

"तिथे सगळे होते," ती म्हणाली. "माझ्या दुकानाची दोन गिऱ्हाइकं होती. तू शिक्षिका आहेस. तुझी नोकरी त्यानं जाणार नव्हती."

मला वाटलं होतं की हे ऐकताना मी ओरडेन. पण मी तो तुकडा उचलून पिशवीत ठेवला. एवढ्या वर्षांत ती माझ्याबद्दल असा विचार करू शकते, माझं काय जाईल आणि काय जाणार नाही असं मोजून ठेवू शकते, हे मला माहीत नव्हतं. केबलपेक्षा, बैठकीपेक्षाही मला हे लागलं. मी तिला एवढंच सांगितलं की मला काही नको, सोसायटीचं मी बघेन, पण केरबादादांना तू स्वतः सांग. ती म्हणाली, येईन. रविवारी येईन.

ती खरोखर आली. मी आधीच दादांकडे जाऊन बसले होते. नंदा रिक्षातून उतरली, हातात पेढ्यांचा पुडा, सीताफळांची पिशवी. दादांच्या पायाशी वाकून नमस्कार केला. ओट्यावर बसली, खुब्याची चौकशी केली, डॉक्टर कोण, व्यायाम काय सांगितलाय, सगळं आपुलकीने. सुनेला सीताफळं धुवायला सांगितली. मी वाट बघत होते. प्रत्येक वाक्यानंतर मला वाटायचं, आता. दादा तिच्याशी माझ्यापेक्षा मोकळे बोलले. तासभर गेला, सावल्या ओट्यावरून खाली उतरल्या. नंदा उठली, पदर सावरला, "येते दादा, जपा," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता उताराला लागली.

तिची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा दादा म्हणाले, "चांगली हाय तुमची मैतरीण. येवढ्या लांबून बघाया आली."

मला क्षणभर वाटलं, राहू दे. म्हातारा माणूस, त्याच्या मनात एक चांगली बाई आहे, ती तशीच राहू दे. पण मग ते स्वतःहूनच बोलायला लागले. माझ्यादेखत पहिल्यांदा संचाकडे वळून बसले. म्हणाले, मॅडम, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती. सगळी नोकरी ह्याच कामात केली. बर्फात, गोळीबारात निरोप चुकला नाही. आणि आपल्या माणसांना पाण्याचा निरोप द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याच हातून कायतरी चुकलं. कुठलं बटन दाबलं न्हाई कुनास ठावं. रोज बसून आठवतो, पन आठवत न्हाई. संतोष म्हनतो, बाबा, आता वय झालं, इसर पडतो तुम्हाला. त्याचंबी खरंच असंल.

म्हणजे ते दिवसभर संचासमोर बसत होते ते यासाठी. माझी गणितं मी घरी करत होते, आणि हे इथे आपल्या बोटांची उजळणी करत होते. नंदा तासभर त्यांच्या शेजारी बसून, सीताफळ फोडून, हे तसंच ठेवून निघून गेली होती.

मी सांगितलं. म्हटलं, दादा, तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. केबल चुकीची लागली होती. आतली तार बारीक होती, पिनेत सैल बसली होती, वाऱ्याने सुटली. तुम्ही बोललात ते टाकीपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

त्यांनी वर टाकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे म्या बरूबर बोललो व्हतो."

"अगदी बरोबर बोलला होतात."

"बटन दाबलं व्हतं."

"दाबलं होतं, दादा."

धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले, एकदा एक, एकदा दुसरा, सावकाश. मग पुन्हा विचारलं, "चुकून लागली व्हय वायर?"

मी नदीकडे पाहिलं. नंदाची रिक्षा एव्हाना मोठ्या रस्त्याला लागली असेल. तिचं घर, तिचे वडील, तिच्या हातचा मसालेभात, दवाखान्यातली ती पहाट, सगळं एकदम आठवलं. नाव न घेता हे निभवता आलं असतं. सगळ्यांनाच सोयीचं झालं असतं, मलाही. मी म्हटलं, "नाही. मुद्दाम."

दादांनी मान हलवली. कोणी लावली ते त्यांनी विचारलं नाही. वॉकर ओढून घेतला, दोन्ही हातांनी धरून हळूहळू उभे राहिले. मी आधार द्यायला पुढे झाले, तर नको म्हणाले. उभ्या उभ्या त्यांनी मागच्या गोठ्याच्या दिशेने मुलाला हाक मारली. हाक एवढी मोठी होती की खालच्या खाचरातले बगळे उडाले. संतोष हात पुसत आला, काय झालं विचारत. सूनही दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम," दादा म्हणाले, "आता मला सांगितलं ते ह्याला सांगा. पयल्यापासनं सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं, नंदाचं नाव घेऊन.